एक जूनची रांग

माझं अक्षर चांगलं आहे असं कुणी म्हटलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. समोरचा बिचारा कौतुक करत असतो आणि मी तोंड फिरवतो. लोकांना वाटतं, हा शिष्ट आहे. असेनही. पण ज्या अक्षरानं माझं भलं झालं, त्याच अक्षरानं माझ्या मित्राचं वाटोळं झालं, आणि तेही मी शुद्धीत असताना, जीभ दातात धरून, एकेक चौकोन भरत केलं, हे मी कुणाकुणाला सांगत बसू? म्हणून इथं एकदाच सांगतो.

अक्षर म्हणजे काही मोत्याचे दाणे वगैरे नव्हते. सरळ होतं, एवढंच. कोऱ्या कागदावरही ओळ घसरायची नाही. इंग्रजी कॅपिटल अक्षरं छापल्यासारखी यायची. फक्त दोनाच्या आकड्याला खाली मी एक पीळ द्यायचो. गणिताचे सर त्याला शेपूट म्हणायचे आणि एक दिवस त्यासाठी मार्क कापीन अशी धमकी द्यायचे. कापला मात्र कधी नाही. हेच सर आमचे वर्गशिक्षकही होते.

दोन हजार पंधराच्या जूनमध्ये वडिलांनी मला त्या शाळेत आणून सोडलं. डहाणूहून घोलवडकडे जाताना चिखल्याच्या अलीकडे, चिकूच्या वाडीत दोन बैठ्या इमारती, मधे मातीचं मैदान, मागे सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. शाळा खासगी, निवासी आणि फक्त मुलांची. पाचवीची मुलं घ्यायची, वर्षभर घासायची आणि जानेवारीत घाटावरच्या सैनिकी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसवायची, हा तिचा एकच उद्योग. पाचवीचा रीतसर अभ्यास तोंडी लावण्यापुरता. परीक्षा एकदाच देता यायची. सहावीचं वय उलटलं की दार बंद. नंबर लागला तर बारावीपर्यंतची काळजी मिटली आणि पुढं फौजेत अधिकारी. नाही लागला तर आपापल्या गावी परत. हे आम्हाला पहिल्याच दिवशी मैदानात उभं करून सांगितलं गेलं. आम्ही दहा वर्षांचे होतो.

पहाटे पाचला शिट्टी. ओल्या वाळूत धावणं, मग आंघोळ, मग दोन तास गणितं, मग शाळा, मग पुन्हा बुद्धिमत्तेच्या सरावपत्रिका. जेवणात वरण इतकं पातळ की त्यात डाळ शोधणं हीच बुद्धिमत्तेची खरी चाचणी. पण खरा जाच होता तो बाकबदलाचा. शनिवारी चाचणी व्हायची आणि सोमवारी मार्कांप्रमाणे बसायच्या जागा बदलायच्या. पहिला नंबर पहिल्या बाकावर भिंतीकडून, दुसरा त्याच्या शेजारी, आणि तिथून उतरंड थेट शेवटच्या बाकापर्यंत. ज्याचे मार्क घसरले त्यानं दप्तर उचलून सगळ्यांच्या देखत मागे चालत जायचं. त्या चालण्यात जी लाज होती ती छडीत नव्हती. रविवारी दुपारपासूनच काही मुलांच्या पोटात दुखायला लागायचं.

मी बहुतेक पहिल्या जागेवर असायचो आणि तो मित्र माझ्या शेजारी. कधी तो पहिला, मी दुसरा. बाक एकच राहायचा, म्हणून आमची दोस्ती टिकली असं मी तेव्हा म्हणायचो. तो तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातला. जीप थांबते तिथून पुढं तासभर चालत गेलं की त्यांचा पाडा. घरचं थोडं भात आणि नागली. पाड्यावरची शाळा चौथीपर्यंतच, आणि तिथल्या गुरुजींनीच पोरगं हुशार म्हणून त्याला स्वतः आणून इथं घातलेलं. माझं गावही तलासरीच्याच बाजूचं, पण हमरस्त्याला लागून. वडील एसटीत कंडक्टर. प्रवेशाच्या वेळी आम्हा दोघांचा राखीव कोटा मात्र एकच होता. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गणित तो डोक्यात करायचा. पायऱ्या लिहायच्याच नाहीत, थेट उत्तर. आरशातली आकृती ओळखण्यात मी नेहमी गडबडायचो; तो कागद उजेडाकडे धरून मागून बघायला शिकवायचा. मी त्याला इंग्रजी शिकवायचो. त्याला माझ्या अक्षराचं भारी अप्रूप. त्याचं स्वतःचं अक्षर म्हणजे पावसात पळालेल्या कोंबड्या.

आमच्या शाळेत वाढदिवसाची एक रीत होती. ज्याचा वाढदिवस त्याला सकाळच्या धावण्याला सुट्टी. त्यानं दिवसभर घरचे रंगीत कपडे घालायचे. प्रार्थनेच्या वेळी त्याला चौथऱ्यावर उभं करायचे, सगळी शाळा त्याच्यासाठी टाळ्या वाजवायची, आणि दुपारी त्याचं ताट सरांच्या पंगतीत. वर्षातला हा एकच दिवस असा की त्या दिवशी मार्क विचारत नसत.

पण आमच्यातल्या अर्ध्याहून जास्त मुलांचा वाढदिवस एक जूनला. का, ते आमच्याकडच्या कुणालाही विचारा. घरी जन्मलेल्या मुलाची तारीख कोण लिहून ठेवतो? शाळेत नाव घालायला आणलं की गुरुजी पोराला हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगतात. लागला की सहा वर्षांचं धरतात, आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून एक जून लिहून मोकळे होतात. एक जूनला आमची शाळा बंद असायची. म्हणून मुख्याध्यापकांनी तोडगा काढला होता. शाळा उघडल्यावर पहिल्या सोमवारी एक जूनवाल्या सगळ्यांना मैदानात एका रांगेत उभं करायचं, प्रत्येकाच्या हातावर एक लिमलेटची गोळी ठेवायची आणि सगळ्यांना मिळून एकदाच टाळ्या. रंगीत कपडे नाहीत, पंगत नाही. आम्ही तारीखवाले समोर उभे राहून हसत होतो. मीही हसलो. रांगेत चौथा की पाचवा तो होता, आणि हातातली गोळी खावी की खिशात ठेवावी हे त्याला कळत नव्हतं.

माझा जन्म डहाणूच्या सरकारी दवाखान्यातला. पक्का जन्मदाखला, ऑगस्टातली तारीख. मी चौथऱ्यावर उभा राहिलो, पिवळा शर्ट घातला, सरांच्या पंगतीत बसलो. दुसऱ्या दिवशी कपडे धुताना दगडावर शर्ट आपटत असताना त्यानं विचारलं, आपला खरा दिवस कोणता असेल? आईला विचार, मी म्हटलं. तो म्हणाला, आईला दिवस ठाऊक असेल, तारीख कशी ठाऊक असेल? मला ते आव्हानच वाटलं. मी शोधून देतो, असं मी त्याला सांगितलं. उंटावरचा शहाणा मी.

भेटीच्या रविवारी त्याची आई आली. नागलीची भाकर आणि उडदाचं घट्ट कालवण घेऊन. आम्ही तिघं सुरूखाली बसलो आणि मी वकिलासारखे प्रश्न विचारायला लागलो. ती आधी लाजली, मग हसली, मग सांगायला लागली. महालक्ष्मीच्या जत्रेत डोंगरावर झेंडा चढतो, त्या पुनवेला हा झाला. घरातले सगळे जत्रेला गेलेले, पाड्यावर ती आणि एक म्हातारी दाई. नवरा दुसऱ्या दिवशी जत्रेतून खुळखुळा घेऊन आला, तो आपल्याला पोरगा झालाय हे ठाऊक नसताना, नुसताच आवडला म्हणून. हे सांगताना ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती आणि तो मान खाली घालून भाकर खात होता. आपल्या जन्माची गोष्ट तो पहिल्यांदाच ऐकत होता.

झेंड्याचा दिवस म्हणजे चैत्री पौर्णिमा. आमचे रेक्टर पूजाअर्चा करणारे. त्यांच्या ट्रंकेत मागच्या दहा-बारा वर्षांची पंचांगं होती. मी सामान्यज्ञानाचं निमित्त करून गेलो, दाखल्यावरचं साल सांगितलं आणि त्यांनी बोट फिरवत सांगितलं, चोवीस एप्रिल, वार रविवार. मी धावत वसतिगृहात आलो. त्यानं तारीख दोनदा माझ्याकडून म्हणवून घेतली, मग कंपास माझ्या हातात दिला आणि पत्र्याच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूनं कोरून दे म्हणाला. मी कोरलं, 24-4. दोनाला पीळ देऊन. त्याला तो पीळच हवा होता.

इथवर सगळं ठीक होतं. पोरखेळ होता. तो इथंच थांबला असता तर आज मी अक्षराच्या कौतुकावर खूश झालो असतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर परीक्षेचे अर्ज आले. एकेक चौकोनात एकेक अक्षर, खाडाखोड चालणार नाही. सरांनी मला शिक्षकांच्या खोलीत बसवलं, एका बाजूला कोऱ्या अर्जांचा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला सगळ्यांच्या शाळेच्या दाखल्यांच्या झेरॉक्स. दाखल्यावरून बघून अर्जात उतरवायचं. मुलानं येऊन सही करायची, सर शेवटी गठ्ठ्यावर सह्या आणि शिक्के मारणार. मी दोन दिवस लिहीत होतो. एक जून, एक जून, एक जून. हात शिणत नव्हता, डोकं शिणत होतं. मग त्याचा दाखला आला.

मी थांबलो. अर्जावर छापलं होतं, जन्मतारीख. दाखल्यावरची तारीख असं कुठं छापलं होतं? जन्मतारीख तर मला ठाऊक होती. मी ती शोधली होती, रेक्टरांच्या पंचांगातून, त्याच्या आईच्या तोंडून. सरकार विचारतंय तर सरकारला खरं सांगायला काय हरकत आहे, असं मला अगदी मनापासून वाटलं. आणि आज हेही कबूल करतो की त्यात मिरवणं होतंच. माझा शोध कुठंतरी छापून यावा अशी इच्छा होती. मी चौकोनात 24 लिहिलं. तो सही करायला आला तेव्हा मी बोटानं तारीख दाखवली. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि कोंबडीच्या पायासारखी सही केली. जाताना त्याचे कान लाल झाले होते. सरांनी गठ्ठा पुढं ओढला आणि न बघता शिक्के मारले. माझं अक्षर होतं ना, मग बघायचं कशाला?

हॉलतिकिटावर तारीख छापून आली तेव्हा त्यानं तिच्यावरून बोट फिरवलं. त्याच्या खऱ्या दिवसाचा तो पहिला सरकारी कागद.

जानेवारीत परीक्षा झाली. मार्चमध्ये फळ्यावर निकाल लागला. आमच्या शाळेतून आमच्या कोट्यात एकाच मुलाचं नाव यादीत होतं, आणि ते त्याचं. माझं नाव प्रतीक्षायादीत, पहिलं. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी त्याला मिठी मारली आणि संडासात जाऊन रडलो. वर्षभर पहिल्या बाकावर बसून मी दुसरा आलो होतो. पण तो सुखानं वेडा झाला होता. पाड्यावर निरोप गेला, वडील येऊन सरांच्या पाया पडून गेले. त्याच्या पाड्यातून अशा शाळेत जाणारा तो पहिलाच.

चार दिवसांनी सरांनी आम्हा दोघांना कार्यालयात बोलावलं. मूळ कागद तपासणीला पाठवण्याआधी ते झेरॉक्स लावत होते. टेबलावर अर्जाची प्रत होती आणि तिच्या शेजारी दाखला. सरांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ओरडले नाहीत. माझ्याकडे बघून फक्त विचारलं, दाखला समोर होता ना तुझ्या?

 तेवढ्यात तो पुढं झाला.

"सर, मीच त्याला सांगितला. सरांनी तारीख बदलाया सांगितलीय म्हणून. तो नाय म्हणत होता."

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. खरी तारीख हीच आहे, असं तो हळूच म्हणाला.

"खरी तारीख दाखल्यावरची," सर म्हणाले. "दुसरी कुठली खरी नसते."

मी मान खाली घालून उभा राहिलो. सरांनीही सही करताना बघितलं नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. आता सुचतं, पण त्यानं माझ्या मनावरचं ओझं गुंजभरही कमी होत नाही. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, खोटं का बोललास? तो माझ्यावर वैतागला. म्हणाला, "माझा जायचा तो जाईल. तुझा वेटिंगला नंबर हाय ना? सरांनी तुला काढला तर दोघां पण गेलों." दहा वर्षांच्या पोरानं तेवढ्या वेळात हा हिशेब केला होता. आरशातली आकृती ओळखल्यासारखा.

तपासणीला अकरा दिवस होते. अर्ज आता बदलता येणार नव्हता, तो तिकडं पोचलेला. म्हणजे दाखला बदलायचा. सर माझ्याशी नीट बोलत नव्हते, पण अर्ज लिहायला शेवटी माझंच अक्षर लागलं. त्याच्या वडिलांबरोबर मला पाठवलं, अर्ज तिथल्या तिथं लिहून द्यायला. त्या अकरा दिवसांत मी सात अर्ज लिहिले. प्रत्येकात तारीख, 24-4.

पाड्यावरच्या शाळेत गेलो. गुरुजी कळवळले, पण म्हणाले, जनरल रजिस्टरला वरच्या आदेशाशिवाय हात लावता येत नाही, लावला तर माझी नोकरी जाईल. ग्रामपंचायतीत गेलो. जन्माच्या नोंदवहीत त्या वर्षी त्या महिन्यात त्या पाड्यातलं एकही नाव नव्हतं, जणू त्या चैत्रात तिथं कुणी जन्मलंच नाही. उशिराची नोंद करायची तर वरून हुकूम हवा. तलासरीला तहसील कचेरीत गेलो. साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी गेलो, साहेब बैठकीत. बाहेर टायपिंगवाल्यानं आपल्या अर्ध्या गुजराती मराठीत सांगितलं की आईचं आणि दाईचं प्रतिज्ञापत्र करा, एकदम पक्कं काम. दाईला चालवत नव्हतं. तिला जीपमध्ये उचलून बसवून आणलं. तिनं अंगठा उठवला आणि विचारलं, मी खोटं बोलते असं कुणाला वाटतं का? ती प्रतिज्ञापत्रं घेऊन डहाणूला प्रांत कचेरीत गेलो तर तिथल्या कारकुनानं ती उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, ह्यानं नोंदीची प्रक्रिया सुरू होईल, तीन-चार महिने धरा. आमच्याकडे चार दिवस उरले होते.

त्याचे वडील कुणाशी वाद घालत नसत. टोपी हातात घेऊन दाराशी उभे राहायचे, आत बोलावलं की आत जायचे, नाही म्हटलं की बाहेर यायचे. मी लिहीत असताना शेजारी उकिडवे बसून कागदाकडे बघत राहायचे. एकदा म्हणाले, काय बेस लिवतो हा पोरगा, कागद वाचला नाय तरी साहेबानं नुसता बघावा. मला त्या क्षणी जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. तारीख आपल्याच हातानं चुकली असं त्यानं वडिलांना सांगितलं होतं. खरं काय ते सांगायला तीन वेळा मी तोंड उघडलं. तीनदा मिटलं. प्रत्येक वेळी मनात एकच शब्द यायचा, वेटिंग. लाज वाटते लिहायला, पण तोच यायचा.

अकराव्या दिवशी सर, तो आणि त्याचे वडील घाटावर गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं म्हणे चहा पाजला. अर्ज आणि दाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, दाईचं प्रतिज्ञापत्र पूर्ण वाचलं, आणि सांगितलं की तुमचं म्हणणं खरं असेल, पण मला दोन कागद जुळलेले लागतात. ते रात्रीच्या गाडीनं परत आले. सकाळी तो वसतिगृहात आला, पेटी भरली आणि वडिलांबरोबर पाड्यावर निघून गेला. पेटीचं झाकण लावताना आतला आकडा मला दिसला. त्यालाही दिसला असणार.

आठवड्याभरात माझं पत्र आलं. त्याची जागा रिकामी झाली होती आणि प्रतीक्षायादीत पहिला मी होतो. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेला मला चौथऱ्यावर उभं केलं. वाढदिवसासारख्या टाळ्या वाजल्या. सर वाजवत नव्हते. समोर एक जूनवाली पोरं होती, तीही वाजवत होती, मनापासून. 

घरी गेल्यावर मी वडिलांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी जाणार नाही. वडिलांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, तू नाही गेलास तर ती जागा त्याला मिळणार आहे का? नाही मिळणार. तिसऱ्याला मिळेल. मग तुझ्या न जाण्याचा उपयोग काय, तुझ्या जिवाला बरं वाटण्याशिवाय?   पण ते पुढं म्हणाले की जायच्या आधी त्या माणसाला तोंडानं सांगून ये, नाहीतर मी तुला गाडीत बसवणार नाही.

मी चोवीस एप्रिलला गेलो. मुद्दाम नाही म्हणणार, पण मुद्दामच. महालक्ष्मीची जत्रा चालू होती, जीप माणसांनी गच्च. पिशवीत माझा पिवळा शर्ट घडी करून ठेवला होता, त्याला द्यायला. जीप थांबली तिथून तासभर चाललो. तो अंगणात ताडगोळे सोलत बसला होता. मला बघून हसला, एक ताडगोळा पुढं केला. वडील ओसरीवर होते. मी चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. की अर्ज त्यानं भरला नव्हता, मला तसं सांगितलंही नव्हतं. की तारीख मी माझ्या मनानं लिहिली. की सरांसमोर मी गप्प बसलो आणि जीपमध्येही गप्प बसलो. बोलताना मी रडत होतो, पण थांबलो नाही.

वडील उठले. मग आत गेले आणि पत्र्याची पेटी उचलून बाहेर घेऊन आले. झाकण उघडून आकड्यावर बोट ठेवलं.

"माना वाचता नाय येत," ते म्हणाले. "पण ह्यो दोनाचा आकडा माना वळखता येतो. तुझ्या सात कागदांवर बघला. साहेबाच्या टेबलावर त्या फारमावर बघला. तवाच समजला."

म्हणजे घाटावरच्या त्या खोलीतच त्यांना कळलं होतं. तिथं ते बोलले असते, अर्ज प्रतीक्षायादीतल्याच मुलानं भरलाय असं अधिकाऱ्याला सांगितलं असतं, तर माझंही नाव यादीतून गेलं असतं. ते बोलले नव्हते. मी विचारलं, का नाही बोललात? त्यांनी पेटीतून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला. जवळच्या आश्रमशाळेत सहावीला नाव घालायचा अर्ज होता. कोरा. दाखला त्याच्यावर ठेवला आणि पेन दिलं.

"तू आलाच हायेस तर एवढा लिवून दे. त्याचा अक्षर कोणाला लागत नाय. तारीख दाखल्यावरची लिव. एक जून लिव."

मी मांडी घालून बसलो. वाऱ्यानं कागद हलत होता, म्हणून तो येऊन शेजारी बसला आणि त्यानं ओल्या बोटानं कोपरा दाबून धरला. आज त्याचा वाढदिवस होता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पिशवीतला शर्ट मी बाहेर काढलाच नाही. नाव लिहिलं, गाव लिहिलं, मग जन्मतारखेचे चौकोन आले. एक जून लिहून झालं. सालातला दोन राहिला होता. तो मी पहिल्यांदाच पीळ न देता काढला आणि कागद त्याच्या वडिलांच्या हातात दिला.